शेजारच्या काकांचे प्लम

आशा ठेवण्याच्या बाबतीत आमच्या शेजारच्या काकांइतका निर्लज्ज माणूस अख्ख्या हर्नडनमध्ये शोधून सापडला नसता. मूळचे सासवडचे. रिटायर झाल्यावर त्यांनी मागच्या अंगणात प्लमची दोन झाडं लावली, आणि पुढे नऊ वसंत गेले तरी एक फळ हाती लागलं नाही. आमच्या व्हर्जिनियातला मार्च गोड बोलून फसवतो. चार दिवस ऊन पडतं, ती भाबडी झाडं फुलांनी पांढरीशुभ्र होतात, आणि एप्रिलातल्या एखाद्या पहाटे फ्रॉस्ट पडून, म्हणजे दंव गोठून, सगळं जळतं. काका फेब्रुवारीपासूनच झाडांना दटावत, "अरे, घाई कसली? थांबा जरा!" फोनवर हवामानाची चार अ‍ॅप होती, त्यांतलं जे सगळ्यांत उबदार आकडा दाखवेल, तेवढंच खरं. फ्रॉस्टचा इशारा आला की घरातल्या चादरी आणि पडदे झाडांवर चढत. एकदा तर पाहुणे म्हणून आलेल्या मेहुण्यांचं पांघरूणही गेलं. त्यांची दूर फ्रिस्कोला राहणारी मुलगी फोनवर वैतागायची, "बाबा, जस्ट बाय देम! स्टोअरमध्ये मिळतात." "मिळतात गं," काका म्हणत, "पण ते आणलेले. मला आलेले हवेत." काकू त्या झाडांना सवती म्हणत.

यंदा काकूंचे गुडघे जिना चढेनासे झाले. घर विकून जूनमध्ये मुलीकडे जायचं ठरलं. म्हणजे ही शेवटची संधी. आणि नवल म्हणजे झाडं यंदा खरंच थांबली, एप्रिल उजाडल्यावर फुलली. "ऐकलं रे माझं!" काका मला सांगत सुटले. आठवड्याने इशारा आलाच. संध्याकाळी मी मदतीला गेलो, तर नऊ वर्षं अंगणात पाऊल न टाकलेल्या काकू दुखऱ्या गुडघ्यांनी शिडी धरून उभ्या! स्वतःची गोधडीही त्यांनी आणली होती. "जमिनीपर्यंत टेकवा हो," त्या खालून सांगत होत्या.

सकाळी आम्ही पांघरुणं काढली. फुलं टवटवीत होती. मी "वा!" म्हणालो. काकांनी एक फूल तोडून नखाने चिरलं. ज्याचं पुढे फळ होतं, तो मधला दांडाच काळा पडला होता. दुसरं चिरलं. मग विसावं. "वरून काहीच कळत नाही बघ," ते म्हणाले आणि शिडीच्या पायरीवर बसले. काकूंनी त्यांचे हात हातात घेतले. "किती गार पडलेत. चला आत." त्या माणसाला रडताना मी तेव्हाच पाहिलं.

जूनमध्ये निघायच्या सकाळी सामानाचा ट्रक दारात उभा, आणि काका मागे कात्री घेऊन वाळक्या फांद्या छाटत होते. "आता कोणासाठी, काका?" मी विचारलं.

"त्यांना कुठे माहितीये आपण चाललोय ते," ते म्हणाले. मग कात्री शर्टाला पुसून त्यांनी माझ्या हातात दिली. नव्या मालकांना झाडं आवडतील की नाही, ते त्यांनी विचारलं नाही. मी उरलेली वाळकी फांदी छाटायला घेतली.