त्याचं इंजेक्शन

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. बाबांच्या छातीत कळ आली आणि मी त्यांना तडक रत्नागिरीच्या हॉस्पिटलात आणलं. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तेव्हा नवीन होतं, रत्नागिरीतही मिळत नव्हतं. डॉक्टर काही बोलणार, तोच शेजारच्या खाटेवरचा माणूस म्हणाला, "माझं आहे ना फ्रिजात. द्या त्यांना."

त्याच्या मुलाने ते मुंबईहून एसटीच्या ड्रायव्हरबरोबर पाठवलं होतं. पण छातीतली कळ गॅसची समजून ह्याने अख्खा दिवस सोडा पिण्यात घालवलेला. ते कळ आल्यापासून काही तासांतच द्यावं लागतं; इंजेक्शन पोचलं तेव्हा ह्याची वेळ टळून गेली होती.

ते इंजेक्शन घातलेलं बाबांचं सलाईन सुरू झालं. तीन उशांना टेकून, सुजलेले पाय पसरून तो बाटलीकडे बघत बसला. थेंब पडला की त्याचं बोट गुडघ्यावर आपटायचं. "चाललंय हां, चाललंय," धापा टाकत तो मलाच धीर देत होता. बाबांची कळ थांबली तेव्हा त्याने खाटेच्या दांडीवर अशी थाप मारली की नर्स धावत आली.

बाबा चालत घरी निघाले, त्या दिवशीही तो उशांना टेकलेलाच होता. बाबांनी त्याचा हात धरला. "तुमचे उपकार कसे फेडू?"

"परत दुखलं तर," तो दम घेत हसला, "सोडा पीत बसू नका."