कोलू बघून निवडलेला इंजिनियर

बायकोची अट एकच होती: नव्या घराला भेग पडता कामा नये. माझीही एकच होती: घराला तळघर हवं. या दोन अटींचं आपसात जमणार नाही हे ध्यानात येईपर्यंत मी इतक्या येरझारा घातल्या, की घरमालकाने व्हरांड्याच्या फरशीचं वेगळं भाडं लावलं असतं तरी मी तक्रार केली नसती.

तिची अट उगाच नव्हती. मद्रासमधलं एग्मोरचं आमचं भाड्याचं घर रुळांच्या इतकं जवळ होतं, की गाडी आली की फडताळातली भांडी आपोआप वाजू लागत. एका उन्हाळ्यात पलंगामागच्या भिंतीला छतापाशी भेग पडली आणि हळूहळू उतरत उशीपर्यंत आली. तेव्हापासून बायकोची झोप उडाली. गाडी गेली की ती भेगेवरून बोट फिरवी आणि म्हणे, "वाढली." मी म्हणे, "नाही वाढली." संसारात आमचं एवढंच संभाषण उरलं होतं.

माझं लहानपण साताऱ्याकडे गेलं. तिथल्या आमच्या तळघरात ऐन मे महिन्यात दुपारी आडवं झालं तर अंगावर धोतर ओढून घ्यावं लागे. मद्रासच्या मे महिन्यात धोतर नेसलेलंसुद्धा सहन होत नाही. म्हणून नुंगंबाक्कमच्या कडेला, एक जुना तलाव बुजवून पाडलेल्या प्लॉटांपैकी एक आम्ही घेतला, तेव्हा मी कागदावर पहिली रेघ ओढली ती तळघराच्या जिन्याची.

इंजिनियर मला लगेच मिळाले. आपलेच, पुण्याचे, रेल्वेचे पूल बांधलेले, गणेशोत्सवात माझ्याबरोबर नाटकात काम करणारे. मी प्रधान, ते सेनापती. भर उन्हाळ्यात ते प्लॉटवर आले, एका मजुराच्या हातून पहार घेतली आणि जमिनीवर अशी हाणली की पहार खणकन वाजली.

"ऐकलंत?" ते म्हणाले. "खडक!"

आम्ही देशावरची माणसं. जमिनीत कुदळ मारली की ठिणगी उडायचीच, फरक पडला तर हात-दोन हातांचा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खडकात कोरलेलं तळघर! त्यांना मिठी मारायचीच काय ती बाकी होती. खात्रीसाठी म्हणून त्यांनी एक खड्डा खणायला सांगितलं आणि तो खणता खणता मजूर कंटाळून निघून गेले.

मग सप्टेंबरात एक पाऊस झाला. ऑफिसातून घरी न जाता मी सायकल थेट प्लॉटवर नेली. खडक विरघळला होता. मे महिन्यात तापून दगड झालेली ती तळ्याची चिकणमाती होती, आणि आता खड्ड्यात गुडघाभर पाणी साचून त्यात दोन बेडूक सुखाने नांदत होते. दुसऱ्या दिवशी गेलो, पाणी तेवढंच. तिसऱ्या दिवशीही तेवढंच. बेडूक मात्र वाढले होते.

सेनापती घरी आले, पण डगमगले नाहीत. "पाणी म्हणजे काय हो? आम्ही नद्या अडवल्या आहेत. करू की तळघर!"

बायको चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. ते गेल्यावर म्हणाली, "अहो, यांचं स्वतःचं घर कसं आहे?"

"असेल चांगलं. मला काय माहीत?"

"मग बघायला हवं. ज्याला स्वतःच्या भिंती सांभाळता येत नाहीत, तो माझ्या काय सांभाळणार?"

"अगं, लोकांच्या घरात शिरून भिंती कशा तपासणार तू?"

"नवरात्र आलंय," ती म्हणाली.

इथे मी तिला मनातल्या मनात मुजरा केला. मद्रासमध्ये नवरात्रात घरोघर कोलू मांडतात. पायऱ्यापायऱ्यांची उतरंड, तिच्यावर बाहुल्या, देव, वाणी, वरात, सगळं जग. त्या दिवसांत बायका ओळखीपाळखीच्या घरी कोलू बघायला जातात, गाणं म्हणतात, हळदीकुंकू आणि हरभऱ्याचं सुंडल, म्हणजे कोरडी उसळ, घेऊन येतात. बोलावणं लागत नाही, कुणाला अडवता येत नाही. घराची झडती घ्यायला याहून सोज्वळ मार्ग पोलिसांनाही सुचला नसता.

आधी सेनापतींकडे गेलो. मराठी घर असूनही शेजारणींच्या आग्रहाखातर त्यांच्याकडे कोलू होता. बायकोने बाहुल्यांचं कौतुक केलं आणि कौतुक करता करता वाकून पाहिलं. उतरंडीच्या एका पायाखाली जाड पुठ्ठ्याची घडी होती. जमीन खचली होती. मग तिची नजर एका कॅलेंडरवर गेली. देवीचं चित्र होतं, पण ते कमरेच्या उंचीवर, भलत्याच ठिकाणी लटकत होतं.

"देवीला कुंकू लावते हं," म्हणून तिने कॅलेंडर हातात घेतलं.

"भावजी, देवीच्या पाठीमागे हे काय?"

"ती? ती प्लास्टरची सुरकुती आहे, वहिनी."

"सुरकुतीत माझं बोट जातंय."

सेनापतींच्या पत्नीने घाईघाईने सुंडलाचे द्रोण पुढे केले. मी ते इतक्या एकाग्रतेने खाल्लं की त्यातला एकेक हरभरा मला आजही आठवतो.

दुसरं घर होतं तंजावरच्या मराठी गृहस्थांचं. आमच्याच ऑफिसातल्या कुणीतरी त्यांचं नाव सुचवलं होतं. तेही इंजिनियर, पण मला ते नको होते, कारण तळघराचा विषय काढताच त्यांनी निरोप धाडला होता: "तळघर नव्हे, तळें होईल." त्यांची मराठी बखरीतून उठून आल्यासारखी आणि हेल तमिळ. वाटेत मी देवाला विनवत होतो, यांच्याकडेही एखादं कॅलेंडर असू दे.

कॅलेंडर नव्हतं. भेग होती! खिडकीच्या वर, तिरकी, उघड्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी. मला इतका आनंद झाला की मी बायकोला कोपर मारलं. भेगेवर आडवी, दोन्ही टोकांना सिमेंटने चिकटवलेली काचेची एक पट्टी होती. बायको तिकडे ओढल्यासारखी गेली आणि तिने बोट उचललं.

"अक्का, त्यास हात लावूं नका!" गृहस्थ आतून धावत आले.

"हे काय आहे?"

"पहारेकरी. भेग हालली तर काच तडकेल. अजून तडकली नाहीं."

"तुमच्याही घराला भेग पडली?"

"पडली की. हें घर मींच बांधिलें. पाया उथळ झाला. माती उन्हांत आकसते, पावसांत फुगते, ती कोणाचें ऐकते?" ते हसले. "आतां खोल बोअर घेऊन, तळाशीं फुगीर असे काँक्रीटचे खांब घालतात. तुमच्या मातीस तेंच पाहिजे."

मी शेवटचा प्रयत्न केला. "आणि तळघर?"

"होईल. कां नाहीं? पाण्यांत पेटी ठेवावी तसें करावें लागेल. मग पेटी बुडूं नये, गळूं नये आणि तरंगूंही नये म्हणून जन्मभर जागायचें. जागाल?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांखाली एग्मोरच्या सगळ्या गाड्या जमा झाल्या होत्या. मी म्हणालो, "तळघर राहू द्या."

रस्त्यावर आल्यावर मी एकदाच कुरकुर केली. "भेगेची एवढी धास्ती, आणि निवडलास तो भेगवाला इंजिनियर?"

"त्यांना ती कुठे आहे ते माहीत आहे," ती म्हणाली. "आणि त्यांनी ती माझ्यापासून झाकली नाही."

खांबांसाठी भोकं पाडायला माणसं लांब दांड्याचं गिरमिट धरून घाण्याच्या बैलासारखी गोल फिरत होती आणि त्यांच्याभोवती मी गोल फिरत होतो. शेवटी इंजिनियरांनी मला ऑफिसात जाऊन बसण्याची विनंती केली. घर उभं राहिलं. तळघराच्या जागी उंच जोतं आलं, आणि मे महिन्यात मी त्याच्यावर पूर्वीसारखाच निथळू लागलो.

दुसऱ्या उन्हाळ्यात स्वयंपाकघराच्या दारावरच्या भिंतीत केसासारखी एक रेघ उमटली. ती बायकोच्या आधी मला दिसली. मी दारापुढे स्टूल ठेवून त्यावर उभा राहिलो, अंगाने जितकं झाकता येईल तितकं झाकत. तिने मला बाजूला केलं, रेघ पाहिली, आत गेली आणि माझा प्रधानाच्या वेशातला फोटो घेऊन आली. फेटा, मिशा, तलवार. तिने फ्रेम उलटी करून काच काढली.

"अगं, माझा फोटो!"

"धूळ बसेल थोडी. एवढं काय?"

तिने काचेची पट्टी कापून आणली, रेघेवर चिकटवली, हात धुतले आणि चटई टाकून झोपली. गाढ झोपली. एग्मोर सोडल्यापासून ती अशीच झोपते.

झोप येत नाही ती मला. मद्रासच्या या उकाड्यात दिवसातून कितीदा तरी काही ना काही निमित्त काढून मी स्वयंपाकघराकडे जातो. पाणी प्यायला, काडेपेटी शोधायला, कॉफी झाली का विचारायला. मान वर करून पाहतो आणि परत येतो. भिंतीवरचा प्रधान बिनकाचेचा, धुळीने माखलेला, माझ्याकडे बघून मिशीत हसतो.

काच शाबूत आहे. हे लिहिता लिहिता मध्येच उठून आत्ताच बघून आलो.