फौजेतलं सेंट

आमचे हे फौजेत होते. त्या वर्षी रजेवर येताना त्यांनी कॅन्टीनमधून सेंटची हिरवी बाटली आणली. सकाळी दाढी झाली की दोन थेंब गळ्याला लावायचे. आधी लिंबाची साल नखानं खरवडल्यासारखा झणझणीत वास सुटायचा. न्याहारी होईतो तो उडायचा आणि ओल्या पाल्यासारखं काहीतरी मागे राहायचं. उन्हात घाम आला की मग लाकूड वर यायचं, सुताराच्या दारातल्या ताज्या भुशासारखं. ते मात्र रात्रीपर्यंत हटायचं नाही.

साताऱ्याजवळच्या त्या भरल्या घरात दिवसा नवऱ्याशी बोलायची सोय नव्हती. ते कुठे आहेत हे मला नाकानंच कळायचं. आणि मला तर बोलायचं होतं. पलटणीत त्यांना फॅमिली क्वार्टर मिळालं होतं. मला न्यायचं त्यांनी कबूल केलं होतं, पण आईला सांगायचं धाडस होत नव्हतं. रोज लिंबाचा वास आला की वाटायचं, आज सांगतील. लाकडाचा वास येईतो दिवस गेलेला असायचा. रजा संपत आली आणि माझा जीव टांगणीला लागला. लढाईवर जाऊन आलेल्या माणसाची आईपुढे दातखीळ बसावी, याचा मला भयंकर संताप यायचा.

एके दिवशी परतीचं रिझर्वेशन करायला ते पहाटेच साताऱ्याला गेले. एक तिकीट काढतात की दोन, काही कळेना. माझं कशात लक्ष लागेना. खोली झाडताना बाटली दिसली, तशी उघडली आणि दोन्ही मनगटांना सेंट चोळलं. माझ्या अंगावर लिंबू टिकलंच नाही. लाकूड लगेच वर आलं, तेही जरा गोडसर. जरा बरं वाटलं. तशीच चुलीपुढे बसले आणि भाकऱ्या थापल्या.

दुपारी मामंजींनी पहिला घास तोंडात घातला आणि ते थांबले. "आज पिठात काय पडलंय गं?"

सासूबाईंनी भाकरी हुंगली, मग माझा हात धरून मनगट हुंगलं. मला दरदरून घाम फुटला, तसा वास आणखीच भडकला.

"आत्याबाई, क्वार्टर मिळालंय. मला त्यांच्यासंगं जायाचं हाय," मी बोलून गेले.

सासूबाईंनी माझा हात सोडला आणि तीच भाकरी मोडून खाल्ली. संध्याकाळपर्यंत मी आतबाहेर करत राहिले. एका जागी बसवत नव्हतं.

हे आले. चपला काढायच्या आत सासूबाईंनी विचारलं, "तिकिटं किती काढलीस रं?"

"एक," ते खाली बघत म्हणाले. "तुला इचारल्याबिगर दुसरं कसं काढू?"

"मग इचारायचं की! मी काय खाणार हुते तुला? तुझा बा इतकी वर्सं फौजेत हुता. येतीस का, म्हणून मला कुणी इचारलं न्हाई. उद्या जा आन हिचं तिकीट काढून आण."

मला रडूच फुटलं. मामंजी ओसरीवर तंबाखू मळत होते. त्यांचा हात थांबला.

"आली असतीस?" त्यांनी हळूच विचारलं.

"आवं, आता इचारताय व्हय?" म्हणत सासूबाई आत गेल्या.