साच्यातलं पहिलं प्रकरण

आमच्या घरी पीएचडीचे जितके प्रबंध आले, तितके एखाद्या लहान कॉलेजच्या लायब्ररीतही नसतील. काळ्या, मरून नाही तर गडद हिरव्या रेक्झिनची कव्हरं आणि पाठीवर सोनेरी अक्षरं. लोक घरी आणून द्यायचे, बरोबर मिठाईचा डबा. आत आभाराचं पान असायचं आणि त्यात यांचं नाव हमखास, कुठं मार्गदर्शकांच्या खालोखाल, कुठं सासू-सासऱ्यांच्या नंतर. हे म्हणजे माझे यजमान. फक्त एक प्रबंध आमच्या घरात कधी आला नाही, तो यांचा स्वतःचा.

मी कॅन्टोन्मेंटमध्ये वाढलेली. वडील फौजेत, मूळचे साताऱ्याकडचे. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, आणि जीभ दोन्हीकडे सारखीच तिखट. लग्न झालं ते नोकरीसाठी सोलापूरहून दिल्लीला आलेल्या कॉमर्सच्या लेक्चररशी. आम्ही फरीदाबादला एका सेक्टरमध्ये भाड्यानं राहायला गेलो, तेव्हा आजूबाजूचे निम्मे प्लॉट रिकामे होते आणि तिथं म्हशी बसायच्या. बघता बघता कोठ्या, म्हणजे आपले बंगले, उठल्या, आणि कोठ्यांपेक्षा वेगानं कॉलेजं. यांना अशाच एका नव्या कॉलेजात नोकरी लागली. मालक आधी वीटभट्टी चालवायचे. त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं, "डॉक्टर बन जाइए सर, प्रोफेसर हो जाएँगे." डॉक्टर झाला नाहीत तर लेक्चरर म्हणूनच म्हातारे व्हाल, हे काही ते बोलले नाहीत, पण समजायचं ते आम्ही समजलो. विद्यापीठात नाव नोंदवलं की ठरलेल्या मुदतीत प्रबंध द्यायचा, नाही तर नोंदणी रद्द.

यांनी विषय घेतला पानिपतचा. माझे वडील ऐकून इतके हसले की त्यांना ठसका लागला. "जावईबापू," म्हणाले, "दुसरं गाव नाही मिळालं होय?" पण यांना लढाईशी काही देणंघेणं नव्हतं. बाजार खुला झाल्यावर परदेशातले जुने कोट, स्वेटर गाठोडी भरभरून पानिपतला येऊ लागले होते. तिथं ते फाडून, पिंजून त्याचं सूत काढायचं आणि त्याच्या घोंगड्या विणायच्या. हा सगळा धंदा कसा चालतो, कोण त्यात काय कमावतं, हे यांना लिहायचं होतं.

व्यापारी लोक यांच्याशी भरपूर बोलले. पण कोटांची बटणं आणि चेन कापायला बायका बसायच्या, त्या काही बोलेनात. हे पेन घेऊन समोर उभे राहिले की त्या पदर पुढं ओढायच्या. म्हणून एकदा मला बरोबर नेलं. मी सरळ जाऊन त्यांच्यात फतकल मारून बसले. काय जेवलीस, मुलं किती, सासू कशी, इथपासून सुरुवात. एक बाई प्रत्येक कोट हातात घेतला की पहिल्यांदा त्याचे खिसे उलटे करायची, मगच बटणाला पातं लावायची. मी विचारलं, पैसे सापडतात का गं? ती हसली. "पैसे कौन छोड़ता है, बहनजी. देख लेते हैं, किसी का कुछ रह तो नहीं गया."

परतीच्या बसमध्ये मी हे सांगितलं तसे हे सीटवर ताठ बसले. "परत सांग, जसंच्या तसं." गुडघ्यावर कागद ठेवून लिहून घेतलं. मग शेंगदाण्यांची पुडी मला दिली आणि म्हणाले, "पहिलं प्रकरण झालं समज." यांना इतकं खुशीत मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, नंतरही फारसं नाही.

आणि खरोखर लिहिलं. दिल्लीच्या नेहरू प्लेस बाजारातून सुटे भाग जुळवून आणलेला कॉम्प्युटर होता, त्याला मी जुन्या चादरीचं झाकण शिवलं होतं. हे कागदावर लिहायचेच नाहीत, थेट त्याच्यावर. पूर्ण झालं तेव्हा मला समोर बसवून वाचून दाखवलं. इंग्रजी होतं, पण समजत होतं. कोट, त्या बायका, पिंजणाऱ्या मशीनची धूळ, सगळं डोळ्यांसमोर आलं. चांगलं लिहिलं होतं हो. मी नवऱ्याचं कौतुक करणाऱ्यांतली नाही, म्हणून सांगते.

इथपर्यंत सगळं बिल्कुल ठीक होतं. घोडं अडलं ते मांडणीपाशी.

विद्यापीठाचे नियम म्हणजे एक वेगळंच प्रकरण. बांधणीसाठी डावीकडे दीड इंच मोकळं, ओळींत दुप्पट अंतर, सुरुवातीच्या पानांना रोमन आकडे, तक्त्यांची वेगळी यादी. टायपिंगवाल्याकडं दिलं की एक परिच्छेद वाढला तरी सगळे पानांचे आकडे चुकायचे. यांना त्या गोंधळाची चीड. मग यांनी कॉम्प्युटरवर साचाच बनवला. मथळा बदलला की अनुक्रमणिका आपोआप बदलणार, तक्ता घातला की त्याचा नंबर आपोआप पडणार. आपण फक्त मजकूर भरायचा. आता रिकाम्या साच्यात काय कुठं दिसतं ते कळणार कसं? म्हणून यांनी नमुना म्हणून आत स्वतःचं पहिलं प्रकरण ठेवलं. आणि अगदी वर सूचना लिहिली : इथला मजकूर पुसून आपला मजकूर टाकावा.

यांच्या विभागातल्या एका मॅडमना कुठून तरी कळलं. त्यांची मुदत संपत आली होती, बिचाऱ्या रडकुंडीला आलेल्या. रविवारी घरी आल्या. हे त्यांना शेजारी बसवून शिकवत होते आणि मी चहा घेऊन मागं उभी होते. मॅडमनी हे सांगतील तसं बटण दाबलं आणि यांचं अख्खं प्रकरण पडद्यावर काळं झालं. "हं, आता पुसा," हे म्हणाले. त्यांनी पुसलं. कोट गेले, बायका गेल्या, पान पांढरं झालं. मूळ प्रत आपल्याकडं आहे, हे मला माहीत होतं, तरी मी चहा खाली ठेवून पडद्याकडं वाकून बघितलं. हे मात्र खुशीत. "बघितलंत? समासाला धक्का नाही."

मॅडम डॉक्टर झाल्या आणि मग आमच्याकडं रीघच लागली. बँकेतले, कॉलेजातले, कुणाची बायको, कुणाचा मेहुणा. मानेसरच्या कारखान्यातला एक जण प्रोजेक्ट रिपोर्टसाठी मोटरसायकलवरून एवढ्या लांबून यायचा. प्रत्येकाची काही तरी नवी फर्माईश. एकाला आलेख पाहिजेत, दुसऱ्याला संदर्भसूची वेगळ्या पद्धतीची. हे तेवढ्यापुरतं साचा उघडायचे आणि संध्याकाळ त्यातच जायची. दुसरं प्रकरण विचारलं की उत्तर ठरलेलं, "अगं, एकदा साचा पक्का झाला की लिहायला काय लागतं? भरत जायचं."

मी तरी किती दिवस गप्प बसणार? एकदा बोललेच. "करंजीचा साचा घासूनपुसून लखलखीत केला म्हणून करंज्या होत नाहीत. सारण कोण करणार? लोक जेवून हात धुऊन गेले, अहो, तुमचं पान कधी मांडायचं?" हे चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. नुसतं हसून म्हणाले, "त्यांची गरज मोठी आहे गं." आता वाटतं, दुसऱ्याचं काम करताना यांना भीती वाटत नव्हती. स्वतःचं कोरं पान समोर आलं की वाटायची. ते मला तेव्हा ओळखता आलं नाही. मी आपली आळशीपणाचे टोमणे मारत राहिले.

उन्हाळ्यात एका दुपारी वीज गेली आणि आली ती धाडकन दाब वाढूनच. कूलरची मोटर जळली, कॉम्प्युटरमधून वास आला. रिपेअरवाल्यानं डिस्क उघडून बघितली आणि मान हलवली. फ्लॉप्या होत्या, त्याही उघडेनात. हे घाबरले नाहीत. "साचा इतक्या लोकांकडं आहे, त्यात माझं प्रकरण आहेच की." मग फोन सुरू झाले. मॅडमनी फ्लॉपी पाठवली. बँकवाल्यांनी पाठवली. साचा अगदी सुखरूप परत आला, समास, मथळे, तक्ते, सगळं जागच्या जागी. आत ज्याचं त्याचं लिखाण. सूचना सगळ्यांनी इमानदारीनं पाळली होती.

पानिपतच्या टिपणांची पिशवी माळ्यावर होती. मी ती खाली काढून टेबलावर ठेवली. आठवड्यानं पाहिलं तर परत माळ्यावर. पुढं नोंदणी रद्द झाल्याचं पत्र आलं. "चलो, एक कटकट मिटली," असं म्हणून हे भाजी आणायला गेले. येताना भाजी विसरून आले.

कॉलेजनं यांचा साचा सगळ्या प्रोजेक्ट रिपोर्टना सक्तीचा केला. नोटीस बोर्डवर लागलं तेव्हा हे घरी येऊन दोनदा सांगून गेले. निवृत्त झाले ते लेक्चरर म्हणूनच. निरोपाच्या दिवशी त्याच मॅडम, आता त्या डायरेक्टर, माइकवर म्हणाल्या, "हम सबको डॉक्टर सर ने ही बनाया." टाळ्या खूप झाल्या. यांनी हात जोडले. मी पहिल्या रांगेत बसले होते आणि मला रडू येत होतं. लोकांना वाटलं, आनंदाचं आहे.

गेल्या हिवाळ्यात लहान फ्लॅटमध्ये जायचं ठरलं. प्रबंधांनी भरलेलं कपाट कुठं न्यायचं? हे म्हणाले, देऊन टाक. रद्दीवाला पुठ्ठ्याची कव्हरं घ्यायला तयार नव्हता. "आंटी, जिल्द उतार के दो." म्हणून मी बाल्कनीत उन्हाला बसून एकेक कव्हर सुरीनं कापू लागले. हे आत पेपर वाचत होते.

हिरवा प्रबंध होता तो बँकवाल्यांचा, ग्राहकांच्या तक्रारींवर. कव्हर ओढताना पानं सुटून मांडीवर पडली. एका पानावर प्रकरण संपलं होतं, खाली निम्मं पान कोरं, आणि पार तळाशी एक सुटी ओळ. बँकेशी तिचा काडीचा संबंध नव्हता. मराठीत सांगायचं तर एवढंच : बटणं कापण्याआधी बायका कोटाचे खिसे तपासतात.

मी सुरी खाली ठेवली. पुन्हा वाचलं. मग ते पान घेऊन आत गेले आणि यांच्या पेपरवर ठेवलं.

यांनी चष्मा पुढं-मागं करून वाचलं. आधी त्या बँकवाल्यांचीच काळजी. "पुसायचं राहिलं त्यांचं. परीक्षकांच्याही लक्षात आलं नाही म्हणजे." मग एकदम उठले. "बाकीच्यांत असेल का गं अजून?" गुडघे दुखतात म्हणून एरवी देवापुढंही खुर्चीवर बसणारा हा माणूस बाल्कनीत जमिनीवर बसला. दुपारभर आम्ही दोघांनी एकेक प्रबंध पान पान करून उलटला. आणखी काही सापडलं नाही. रद्दीवाला दोनदा बेल वाजवून गेला.

ऊन गेलं तरी हे ते एकच पान धरून बसले होते. मी विचारलं, "याच्या पुढचं वाक्य काय होतं, आठवतंय?"

यांनी डोळे मिटले. मला वाटलं, येतंय.

"खाली तक्ता होता," हे म्हणाले. "मधोमध. वर ठळक अक्षरांत मथळा."

"तक्त्याच्या आधी अजून एक वाक्य होतं."

"असेल. तू सांग."

मी सांगितलं. पानिपतच्या त्या बाईनं सांगितलं होतं तसंच, तिच्याच हिंदीत : देख लेते हैं, किसी का कुछ रह तो नहीं गया. यांनी मान तिरकी करून ऐकलं, आणि माझ्याकडं पाहिलं.

"छान आहे," हे म्हणाले. "मी घेतलं होतं का हे?"

"घेतलं होतं हो," मी म्हटलं. "पहिल्याच प्रकरणात."