हिरव्याच्या ओळीत निळा दोरा

पोरांना पंधरावं लागलं की आईबापापुढे हात पसरायची लाज वाटायला लागते, खर्च मात्र थांबत नाहीत. त्या गल्लीत हे दुखणं घरोघरी होतं. कोणी सकाळी उठून गाड्या पुसायचं. कोणी शेजाऱ्यांचा कुत्रा फिरवून आणायचं, म्हणजे खरं तर कुत्राच त्याला फिरवून आणायचा. एकीनं वरच्या मजल्यावरच्या जुळ्यांना पाढे शिकवायला घेतले आणि आठवड्यात स्वतःचाच घसा बसवून घेतला. टिचकीचं काम या सगळ्यांत जगावेगळं होतं. ती सुया ओवायची.

हसू नका. सुया ओवायचे पैसे मिळतात हे टिचकीच्या दादालाही पटत नव्हतं. "उद्या म्हणशील श्वास घ्यायचा पगार मिळतो," असं तो म्हणायचा. पण मिळत होते, आणि देणारी होती टाकेमावशी.

टाकेमावशी जिन्याखालच्या खोलीत राहायची. तिचं खरं नाव विजेच्या बिलावर काय असेल तेवढंच. मशीनवर काय, कोणीही खडखडाट करतं. पण कोटाचं अस्तर बसवायचं, स्कर्टची किनार हातानं दुमडून शिवायची, तर माणसं तिलाच शोधत यायची. तिचा टाका कापड उलटंपालटं केलं तरी सापडायचा नाही. नवरा लवकर गेला. याच सुईवर तिनं मुलगी वाढवली, शिकवली, लांब दिली. मुलगी फोनवर म्हणायची, "आता पुरे झालं, माझ्याकडे ये." त्यावर मावशीचं ठरलेलं उत्तर: "जावयाच्या घरी बसून काय करू, उशा मोजू? हात चालतायत तोवर मी माझी राणी आहे."

हात चालत होते. डोळे चालत नव्हते. डॉक्टर म्हणाले होते, मोतीबिंदू नाही, आतला पडदाच विरत चाललाय, चष्म्यानं काही होणार नाही. "जन्मभर लोकांचे पडदे शिवले, आणि माझाच विरला!" असं म्हणून मावशी त्यांच्यासमोरच हसली होती. ही गोष्ट तिनं मुलीलासुद्धा सांगितली नव्हती. टिचकीला सांगितली, कारण इलाज नव्हता. "फक्त सुईचं नेढं तेवढं दिसत नाही ग. रंग दिसतात, टाका तर बोटांनाच कळतो. पण बाहेर ब्र काढलास तर बघ. लोकांना कळलं ना, तर उद्या साधी पँटसुद्धा दारात यायची नाही."

म्हणून टिचकी रोज शाळेआधी यायची आणि दिवसभराच्या सुया ओवून टाचण्यांच्या छोट्या उशीवर टोचून ठेवायची. वरच्या ओळीत पांढरा दोरा, मग काळा, मग निळा, सगळ्यांत खाली हिरवा. मावशीचा हात न बघता ओळीवर जायचा. शनिवारी पैसे मुठीत दाबताना ती म्हणायची, "उडवू नकोस ग, भवाने." टिचकी अर्थातच उडवायची.

शाळा सुरू व्हायच्या तोंडावर गणवेशाच्या दुकानदाराकडून स्कर्टांचं मोठं गाठोडं आलं. गडद हिरवे स्कर्ट, सगळ्यांच्या किनारी हातानं. वर्षातलं सर्वांत मोठं काम हेच. या पैशांवर मावशीचं भाडं पुढे कितीतरी महिने निघायचं. आणि नेमकं त्याच सकाळी चौकात नवं दुकान उघडणार होतं. जाहिरातीचे कागद वाटायला मुलं हवी होती, पैसे रोख, हातावर. टिचकीनं मनात म्हटलं, एका दगडात दोन पक्षी. ती भराभर सुया ओवायला बसली आणि हिरव्याचं रीळ मध्येच संपलं. कोपऱ्यावरचं दुकान अजून उघडायचं होतं, बाहेर मैत्रिणी हाका मारत होत्या. तिनं निळं रीळ उचललं. गडदच तर आहे, कोणाला कळतंय? उरलेली हिरव्याची ओळ तिनं निळ्यानं भरली आणि धूम ठोकली.

कळलं. दुकानदाराला कळलं, गिऱ्हाइकांना कळलं, सगळ्या जगाला कळलं. तीन दिवसांनी दुकानदार शिवून गेलेल्या स्कर्टांचं गाठोडं घेऊन परत आला तेव्हा टिचकी खोलीतच होती, हातात सुई.

"मावशी, हिरव्यावर निळा दोरा? लोक माझ्या अंगावर धावून येतायत!"

मावशीनं स्कर्ट खिडकीशी नेला. नाकाला लावला. बोटानं किनार चाचपली. टाके तिचेच होते, बारीक, सरळ.

"चुकलं रे माझं," ती म्हणाली.

"डोळे दाखवा कुणाला तरी. राग मानू नका, पण उरलेलं काम मी दुसरीकडे देतो." तो गाठोडं उचलून निघून गेला.

आणि टिचकी? तोंडात मिठाची गुळणी धरून बसली. आत्ता बोलावं, आत्ता, असं शंभरदा मनात आलं. जीभ उचलेना. मावशी पलंगावर बसली आणि टिचकीच्या देखत रडली. गल्लीभर जिच्या जिभेचा धाक, ती बाई लहान पोरीसारखी हुंदके देत होती. "गेले ग. रंगही गेले. आणि मला कळलंसुद्धा नाही."

त्यानंतर टिचकी अर्धं ताट टाकून उठायला लागली. आई विचारायची, "काय झालंय तुला? कोणी काही बोललं का?" कोणी बोललं नव्हतं, तेच तर दुखत होतं. कागद वाटल्याचे पैसे कपाटात कपड्यांखाली पडून होते. त्यांना हात लावायचा तिला धीर होत नव्हता. कोणी नुसतं 'मावशी' म्हटलं तरी ती तिथून सटकायची. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही खोटं नाही. आपण नीच आहोत, असं ती उशीत तोंड खुपसून स्वतःला सांगायची आणि सकाळी पुन्हा गप्प बसायची. मग एक दिवस कळलं की मावशीनं मुलीला फोन करून डोळ्यांचं सगळं सांगितलं, "येते" म्हणूनही कळवलं, आणि तिचं शिलाई मशीन विकत घ्यायला गिऱ्हाईकही येऊन गेलं.

शाळेतून ती तडक जिन्याखाली गेली. मावशी रिळं खोक्यात भरत होती.

"मावशी, तो निळा दोरा मी घातला. हिरवा संपला होता. मला जायची घाई होती. तुमची चूक नव्हती, माझी होती." एका दमात सगळं बोलून ती रडायलाच लागली.

मावशी वळली. आधी तिचा चेहरा लालभडक झाला. "कार्टे! इतके दिवस मी इथे मरत होते, आणि तू रोज येऊन तोंडाकडे बघत बसत होतीस?" टिचकीनं मान खाली घातली; थोबाडीत बसली असती तर तिला बरंच वाटलं असतं. पण मावशी मध्येच थांबली. "थांब. म्हणजे मी हिरव्याच्याच ओळीतली सुई घेतली होती?"

"हो."

"म्हणजे माझा हात चुकला नाही! अग, म्हणजे माझे डोळे..." ती हसायला लागली, डोळे पुसत हसायला लागली. खोक्यात हात घालून तिनं एक रीळ काढलं, खिडकीच्या उजेडात धरलं. "हे बघ. हिरवं! ओळखलं की नाही?"

रीळ काळं होतं.

टिचकीनं तिच्या तोंडाकडे पाहिलं. किती दिवसांनी ते तोंड उजळलं होतं. आणि तिच्या तोंडून "हो" निघून गेलं.

बस्स. मावशीनं तिथल्या तिथे मुलीला फोन लावला. "नाही येत मी! डोळे ठणठणीत आहेत माझे. पोरीची चूक होती, तिनं कबूल केलंय." मग दुकानदाराला फोन, त्याला चार खडे बोल, आणि पुढच्या गाठोड्याचं कबूल करून घेतलं, तेही कोटांच्या अस्तरांचं, सगळ्या रंगांचं. टिचकी दाराशी उभी राहून ऐकत होती. आत्ता तरी बोल, ती स्वतःला म्हणत होती.

फोन ठेवून मावशीनं डब्यातून पैसे काढले, नेहमीपेक्षा जास्त, आणि तिच्या हातात कोंबले.

"घे. यापुढे इतकेच देईन. चूक कोणीही करतं ग, पण खरं बोलायला छाती लागते."

नको म्हणायचं, तर का नको ते सांगावं लागलं असतं. टिचकीनं पैसे घेतले.