देवघरातला खुनी

"कोण खोटं बोलतंय?" असं म्हणत बाई कानावरची पेन्सिल काढायच्या आणि जिन्याच्या कठड्यावर दोनदा ठकठक करायच्या. मी नुसतं "झाडला की जिना!" म्हणायचा अवकाश, ठकठक झालीच. आणि तुम्हाला सांगते, जिना खरंच झाडलेला नसायचा.

जर्मनीतल्या गेर्लिंगेनच्या आमच्या इमारतीत दर आठवड्याला एकेकाची जिना झाडायची पाळी असे, तिथे तिला केअरवोखं म्हणतात. ज्याची पाळी त्याच्या दारावर लाकडी पाटी. माझ्यानंतर ती पाटी खालच्या मजल्यावर बाईंकडे जायची, त्यातून ओळख झाली. आम्ही नवराबायको पुण्याहून नोकरीसाठी आलेलो. बाई मूळच्या कॅनडाच्या, जर्मन माणसाशी लग्न करून इकडे आलेल्या. तो गेल्यावर सत्तरीत एकट्याच राहत होत्या आणि खुनांच्या कादंबऱ्या लिहीत होत्या.

तरुणपणी त्या कॅनडातल्या एका लहान गावच्या कोर्टात लघुलेखक होत्या. "पंधरा वर्षं लोकांचं खोटं शब्दन् शब्द उतरवून घेतलं," त्या सांगायच्या, "मग म्हटलं, आता आपलं स्वतःचं लिहू." पहिली कादंबरी चाळिशीत लिहिली. ती तीन प्रकाशकांनी परत पाठवली, चौथ्याने छापली. मी भेटले तेव्हा अकरा झाल्या होत्या.

त्यांची लिहायची रीतच उफराटी. शेवटचं प्रकरण आधी लिहायचं, पाकिटात बंद करायचं आणि दुसऱ्याच्या ताब्यात द्यायचं. "खुनी घरात असला की मी सारखी त्याच्याकडेच बघते. मग वाचकालाही कळतं." अकरा पाकिटं नवऱ्याने सांभाळली. बारावं माझ्याकडे आलं.

"पुस्तक पुरं होईपर्यंत द्यायचं नाही. मी रडले, ओरडले तरी नाही. शब्द दे."

दिला. मोठ्या तोऱ्यात दिला.

खंडेनवमीला आम्ही हत्यारांची पूजा करतो. माझा लॅपटॉप, ह्यांची मोजमापाची अवजारं मांडली आणि त्यात बाईंचं पाकीटही ठेवलं. हळदकुंकू वाहिलं. दसरा झाला तरी पाकीट देवघरातच राहिलं. ते पाहून बाई हसून हसून बेजार झाल्या. "माझ्या खुन्याला देव राखतायत!"

थंडी पडली आणि बाई लागोपाठ तीन दिवस जिना झाडताना दिसल्या. पाटी तर माझ्या दारावर होती! "आज माझी पाळी ना?" त्यांनी तिन्ही दिवस विचारलं. मला वाटलं, वय झालं, चालायचंच.

मग एका दुपारी त्या वर आल्या. "पाकीट दे."

"पुस्तक झालं?"

"दोनशे पानं झाली. पण खुनी कोण तेच आठवत नाहीये."

मी हसले हो! मला वाटलं, माझी परीक्षा घेतायत. "तुम्हीच सांगून ठेवलंय, रडलात तरी द्यायचं नाही."

"मी मस्करी करत नाहीये," त्या म्हणाल्या. त्या थेट देवघराकडे बघत होत्या. ते मी पाहिलं आणि तरीही नाही म्हटलं.

"अगं, देऊन टाक की," संध्याकाळी हे म्हणाले.

"शब्द म्हणजे शब्द!" मी फटकारलं. पण रात्रीचं जेवण काही गेलं नाही.

पुढच्या आठवड्यात त्या पुन्हा आल्या आणि भर जिन्यात मला चोर म्हणाल्या. मला इतकं लागलं की मी दार लावून घेतलं. आत देवघरासमोर उभी राहून खालच्या टाइपरायटरचा आवाज ऐकत राहिले. चार अक्षरं वाजायची आणि थांबायची. बराच वेळ काही नाही. पुन्हा चार. रोज तेच, आणि रोज वाटे, आज द्यावं. पण लिहितायत ना अजून, मग उद्या बघू, असं करत मार्च उजाडला.

मग टाइपरायटर बंदच पडला. तीन दिवस काही ऐकू आलं नाही. चौथ्या दिवशी सकाळी पाकीट उचललं आणि मी चपलाही न घालता खाली धावले.

बाई खिडकीशी बसल्या होत्या. कुंकवाचा डाग लागलेलं पाकीट त्यांनी उलटसुलट करून पाहिलं, फोडलं आणि ओळीवर बोट ठेवून वाचू लागल्या. डोळे चमकायला लागले. शेवटचं पान वाचून त्यांनी मांडीवर थाप मारली.

"अगं बाई, हा होय? माझ्या ध्यानीमनीही नव्हतं! कुणी लिहिलंय गं हे?"



पहिल्यांदा मागितलं त्याच दुपारी दिलं असतं, तर बारावं पुस्तक झालं असतं. हे मी स्वतःला अजूनही माफ केलेलं नाही. दिलेला शब्द मोडायलाही अक्कल लागते, आणि ती मला उशिरा आली.

उन्हाळ्यात भाचा त्यांना कॅनडाला न्यायला आला. तो सामान घेऊन पुढे गेला. बाई जिन्यात थांबल्या, कानावर पेन्सिल तशीच होती. माझं नाव त्यांना आठवलं नाही, पण हात घट्ट धरला.

"माझं पुस्तक पुरं झालं ना?"

"झालं," मी म्हटलं. "फार छान झालं."

 त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, कठड्यावर दोनदा ठकठक केली आणि सावकाश जिना उतरून गेल्या.