पैठणीची तपासणी

चहा गार होऊ देऊ नका, पिता पिता ऐका. माझ्या हातून एक असा घोळ झालाय की त्यापायी सख्ख्या पुतणीचं लग्न मोडता मोडता राहिलं. आणि घोळ घातला कुणी? रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाने. म्हणजे मीच!

मी राहतो जालन्यात, मस्तगडला, आणि शिकवतो बदनापूरला. आमच्या कॉलेजात नुकतंच इन्फ्रारेडचं मशीन आलं होतं. अनोळखी वस्तूचा बारीकसा तुकडा त्यावर ठेवायचा. मशीन किरण सोडतं, आणि वस्तूने त्यातले कोणते गिळले याचा आलेख पडद्यावर येतो. रेशमाचा आलेख वेगळा, पॉलिएस्टरचा वेगळा. हे मी तेव्हा भेटेल त्याला सांगत होतो. दूधवाल्यालाही सोडलं नाही.

त्यातच वडीगोद्रीहून थोरल्या भावाचा फोन. त्याच्या सीमाचा नुकताच साखरपुडा झाला होता. मुलाच्या आईने पैठणी आणली होती, 'अस्सल रेशीम' असं चारचौघांत सांगून.

"आपली आत्या म्हणून राह्यली, पैठणी बोगस हाय," दादा म्हणाला. "तुझं मशीन काय म्हणतं ते बघ बरं."

शहाणा माणूस अशा वेळी गप्प बसतो. मी रविवारी सकाळीच कात्री घेऊन वडीगोद्रीत हजर!

वहिनी स्वयंपाकात, सीमा शेजारी गेलेली. मी एकट्यानेच साडी उलगडली. नमुना घ्यायचंही शास्त्र असतं बरं का. दिसेल तिथे कापायचं नसतं. म्हणून मी खालच्या काठाच्या आतल्या बाजूने नखाएवढा तुकडा कापला. कुणाच्या बापालाही कळलं नसतं. मला माझंच कौतुक वाटलं.

सोमवारी तपासलं. पॉलिएस्टर! पुन्हा तपासलं. पॉलिएस्टर. तिसऱ्यांदाही तेच.

आलेख मी दादाला व्हॉट्सॲपवर पाठवला, दादाने भावकीच्या ग्रुपवर टाकला. दहावीला विज्ञानात काठावर पास झालेली मंडळी संध्याकाळपर्यंत "हे टोक बघा, हे पॉलिएस्टरचंच!" असं एकमेकांना समजावत होती.

"साडीत फसवणारे पोरीला काय सुखात ठेवतील?" दादा कडाडला. "लगीन कॅन्सल!"

रात्री सीमाचा फोन. आवाज रडवेला. "काका, मला काय साडीसंगं लगीन करायचंय का? पोरगा चांगला हाय. काय करून ठेवलं तुमी हे?"

"बाळा, विज्ञानापुढे इलाज नाही," मी म्हणालो. हे वाक्य आठवलं की आजही मला स्वतःची लाज वाटते.

दोन दिवसांनी विहीणबाई अंबडहून थेट दादाच्या दारात. साक्षीला मला बोलावलं. मी बायकोला घेऊन, आलेख फायलीत घालून गेलो.

विहीणबाईंनी फायलीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "सर, तुकडा कुठून कापला तेवढं दाखवा."

मी दिमाखात काठ उलटा केला. वहिनीने पदर तोंडाला लावला. सीमाने डोळे पुसले आणि ती खुदकन हसली.

"सर, ह्याला फॉल म्हणत्यात," विहीणबाई शांतपणे म्हणाल्या. "काठ झिजू नये म्हणून आतून शिवत्यात. पोरीला लगेच नेसता यावी म्हणून मीच लावून आणला. पैठणी ह्याच्या पल्याड हाय."

मग त्या माझ्याकडे वळल्या.

"लग्नाला किती वर्षं झाली तुमच्या?"

"बावीस."

"मंग बायकोची साडी कधी बघितली न्हाई का?"

मी तोंड उघडायच्या आधी बायकोच म्हणाली, "बिलकुल न्हाई."

दादाने हात जोडले, मीही जोडले. दुसऱ्या दिवशी पदराचा एक धागा तपासला. अस्सल रेशीम! हाही आलेख ग्रुपवर गेला, पण या वेळी टोकं बघायला कुणी आलं नाही.

लग्न थाटात झालं. बाकीच्यांना आहेरात टॉवेल-टोपी. मला विहीणबाईंनी स्वतःच्या हाताने एक पुडकं दिलं. उघडलं तर कोरा करकरीत फॉल! मांडव हसला, मीही हसलो. दुसरं करणार काय?

पण कॉलेजात गेल्यावर मला काही राहवेना. मशीन सुरू केलं, फॉलचा तुकडा ठेवला. पॉलिएस्टर! म्हणजे बघा, माझा रिपोर्ट पहिल्यापासून बरोबरच होता की नाही?

घरी येऊन हे बायकोला ऐटीत सांगितलं. तिने फॉल उलगडून पाहिला आणि कपाळावर हात मारला.

"अहो, हा मी माझ्या साडीला लावणार होते. बरोबर मधूनच कापला का?"